दोन्ही बाजूंनी विचार करून लिहा

आपल्या प्रश्नांना चुकीचं उत्तर देणारं पोर अजून जन्माला यायचंय, असं प्रश्नबाई छाती ठोकून सांगायची, आणि ठोकायचीही अशी की समोरच्याच्या कपातला चहा हिंदकळावा. किशोरांसाठी पुस्तकं काढणाऱ्या एका प्रकाशनात ती एकोणीस वर्षं होती. कादंबरी दुसरं कुणी लिही, चित्रं तिसरं कुणी काढी. गोष्ट संपल्यावर 'जरा थांबा, विचार करा' म्हणून जे पाच प्रश्न छापतात, ते हिचे. शिक्षकांसाठी एक पातळ पुस्तिका वेगळी निघे, तिच्यातली नमुना उत्तरंही हिचीच. हल्ली पोरांना उद्याची भयाण जगं लागतात. कुठे भिंतीआड कोंडलेलं शहर, कुठे मोजूनमापून मिळणारा श्वास, कुठे मुलांनीच मुलांचा निकाल लावायचा. लेखक लोक पानोपानी माणसं मारून मोकळे होत आणि मग ते सगळं पुसून घ्यायला प्रश्नबाई बोळा घेऊन येई. 'राज्यकर्त्यांचा निर्णय तुम्हाला पटतो का? दोन्ही बाजूंनी विचार करून लिहा.' प्रश्न असा घासूनपुसून गोल केलेला, की कसाही गिळा, घशाला टोचणार नाही. हो म्हटलं तरी बरोबर, नाही म्हटलं तरी बरोबर, आणि काहीच न म्हणता खाली सुबक रेघ मारली तर तिलाही पुस्तिकेत अर्धा गुण होता.

अशीच एकदा छाती ठोकली, त्याला पुरता दिवसही उलटला नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी बसथांब्याच्या बाकावर तिच्या शेजारी एक मुलगी वाचत बसली होती. चौदा-पंधराची, दातांना तारा लावलेली, दप्तर पायांत. हातात पुस्तक बाईच्याच प्रकाशनाचं, यंदा सगळ्यात जास्त खपलेलं. त्यातल्या गावात उजेडाचा दुष्काळ आहे. दर महिन्याला प्रत्येक गल्लीनं चिठ्ठ्या टाकून एक नाव ठरवायचं आणि त्या घराचा दिवा कायमचा विझवायचा. चिठ्ठ्या वाचायला पंधरा वर्षांची मुलगी नेमतात, कारण मोठ्यांच्या मते मुलांच्या मनात आकस नसतो. अगदी शेवटच्या पानावर ती मुलगी चिठ्ठ्या वाचत नाही. सगळ्या गावासमोर एकेक तोंडात टाकते आणि गिळते. तारवाली तिथवर पोचली होती. ओठ हलत होते, एक चप्पल पायातून निसटून पडली होती, तिला पत्ता नव्हता. प्रश्नबाईला बरं वाटलं. आता पान उलटेल, माझं दार उघडेल. तारवालीनं पान उलटलं, दोन बोटं पुस्तकाच्या शिवणीशी नेली आणि सर्रकन ते पान फाडलं. रागानं नाही, शेंग सोलावी तसं, सरावाच्या हातानं. मग त्याची चौपदरी घडी घातली, "उठा हं काकू जरा," म्हणाली, आणि बाकाच्या आखूड पायाखाली सरकवली. नाही म्हटलं तरी बाक डुलायचा थांबला. एकोणीस वर्षांत बाईच्या प्रश्नांनी कशाला आधार दिला असेल तर तो हा.

"अगं, काय फाडलंस ते?"

"काही नाही हो, प्रश्न होते."

"प्रश्न फाडायचे?"

"आमच्या वर्गात सगळेच फाडतात. पुस्तक संपतं, छातीत असं धडधडत असतं, आणि तेवढ्यात ही बाई येते. नायिकेचं वागणं योग्य की अयोग्य, दोन्ही बाजूंनी विचार करून लिहा!" तारवालीनं नाकातून आवाज काढला तो इतका हुबेहूब होता की प्रश्नबाईनं नकळत आपलं नाक चाचपलं.

"बाईच कशावरून?"

"बाईच. माझी आत्या अशीच बोलते. जेवायला काय करू विचारते आणि स्वतःला काय हवं ते मरेपर्यंत सांगत नाही."

"बरं, मग तुला काय वाटतं? चिठ्ठ्या खाल्ल्या ते बरोबर केलं तिनं?"

"मला कशाला विचारताय? त्या बाईला विचारा ना. तिनं खाल्ल्या असत्या का?" बस आली. तारवाली निसटलेली चप्पल बोटांत अडकवत चढली आणि गेली.

प्रश्नबाईची बस तीच होती, पण ती बसूनच राहिली. दुसरी आली, तीही गेली. बाक डुलत नव्हता आणि तेच जास्त खुपत होतं. तिनं खाल्ल्या असत्या का, तिनं खाल्ल्या असत्या का. दाताच्या फटीत काहीतरी अडकावं आणि जीभ पुन्हा पुन्हा तिथेच जावी तसं ते वाक्य. तिसऱ्या बसमध्ये कांबीला धरून उभी असताना तिला बोटांवर खडूची भुकटी जाणवली, कोरडी, नखांत शिरणारी. खडू तिनं चाळीस वर्षांत हातात धरला नव्हता. चौथीत ती वर्गाची मॉनिटर होती. बाई बाहेर गेल्या की फळ्यावर बोलणाऱ्यांची नावं लिहायची. ती लिहायची, एकाखाली एक, डावीकडे समास सोडून. एकदा पहिल्या बाकावरच्या शेंबडीनं, सगळे तिला शेंबडीच म्हणायचे, हळूच विचारलं, "मी बाहेर जाऊन येऊ का गं? लागलीये." विचारणं म्हणजे बोलणंच. नाव लिहिलं. बाई आल्या, नावं असलेल्यांना बाहेर ओळीनं उभं केलं, हलायचं नाही म्हणाल्या, आणि मग व्हरांड्यातून एक बारीक धार दाराखालून वर्गात आली, वाट काढत, अगदी फळ्यापर्यंत. बाई फळ्याकडे बघत होत्या. म्हणाल्या, "अक्षर किती छान आहे गं तुझं." तो आनंद! तो अजून जसाच्या तसा होता, झाकून ठेवलेला, कणभरही खराब न झालेला. कांबीला धरून उभ्या असलेल्या बावन्न वर्षांच्या बाईच्या पोटात तो ऊबदार पसरला आणि तिनं बोटं एकमेकांवर घासली. शेंबडीची चूक होती का? मॉनिटरची होती का? एकीकडे शिस्त हवीच, दुसरीकडे परिस्थितीही लक्षात घ्यायला हवी. अर्धा गुण.

ऑफिसात पाय टाकते तोच धाकट्या साहेबांचं बोलावणं. हे मालकांचे चिरंजीव. वडलांनी पुस्तकं छापली, यांनी खुर्च्या बदलल्या. त्यांच्या टेबलावर तेच दिव्यांचं पुस्तक होतं आणि शेजारी शिक्षकांची पुस्तिका.

"बाई, मी वाचलं. काल रडलो हो. घरात विचारा हवं तर, खरंच रडलो."

"सगळेच रडतात, साहेब."

"पण ती पद्धत! काय पद्धत आहे! कुणाची मध्यस्थी नाही, वशिला नाही, गल्लीचं गल्लीनं ठरवायचं. मला संपादनातला एक माणूस कमी करायचाय. महिना झाला, माझी झोप उडालीये. कुणाला सांगू, कसं सांगू? आणि उत्तर आपल्याच पुस्तकात!"

प्रश्नबाईला वाटलं साहेब थट्टा करताहेत. ती हसली. साहेब हसले नाहीत.

"अहो, पण ते... ते वाईट लोक आहेत त्यातले."

"असं कसं? तुम्हीच तर लिहिलंय." साहेबांनी पुस्तिका उघडली. तिसऱ्या प्रश्नाच्या नमुना उत्तराखाली हिरव्या शाईची रेघ होती, पट्टी धरून मारलेली. "'दुसऱ्या बाजूने पाहता, ही पद्धत निःपक्षपाती आहे, तिच्यामुळे वेळ वाचतो आणि कुणा एकावर दोष येत नाही.' हे मी वाचलं आणि टेबलावर हात मारला. शुक्रवारी अकराला. चिठ्ठ्या तुम्ही वाचायच्या. तुमच्याइतका समतोल माणूस या इमारतीत नाही."

या ठिकाणी पुस्तकातली दिवेवाली पोरगी काहीतरी बोलली असती, निदान डोळे तरी रोखले असते. प्रश्नबाई म्हणाली, "कागद कुठला घ्यायचा?" आणि बाहेर येऊन आपल्या टेबलाशी बसली. संपादनात सहा टेबलं, सहा टेबलदिवे. तिचा. मुद्रितं तपासणाऱ्या भिंगकाकांचा. ते साठीचे, भिंग धरून वाचत, गेल्या पुस्तकात अठ्ठ्याऐंशी नंबरचं पान दोनदा छापलं गेलं ते यांच्या नजरेतून सुटलेलं. पानांची अक्षरं जुळवणाऱ्या जुळणीवालीचा, कव्हरवाल्याचा आणि खिडकीशी बसणाऱ्या दोन उपसंपादकांचे, ज्यांना सगळे 'खिडकीतले दोघे' म्हणत, कारण ते जेवायला, भांडायला आणि आजारी पडायला एकत्रच जात. बातमी पसरली तसे सगळे आपापल्या दिव्याखाली वाकले. सगळ्यांना ठाऊक होतं कुणाचं नाव येणार. काकांनाही. ते भिंग पुसत होते, आणि पुसून झालं तरी पुसत होते.

संध्याकाळी जेवताना तिनं नवऱ्याला सांगितलं. त्याचं चष्म्याचं दुकान. दिवसभर तोही प्रश्नच विचारायचा: हे बरं दिसतं की हे? आता हे की हे?

"काकांचे डोळे कसे आहेत हो खरंच?"

"गिऱ्हाइकाचं मी घरात बोलत नाही," तो म्हणाला, आणि ताटात बघत राहिला, म्हणजे सांगून झालं.

"मी काय करू?"

"तुला काय वाटतं?"

"म्हणजे एका बाजूनं बघितलं तर..."

"झालं!" त्यानं घास खाली ठेवला. "अगं, माझ्याकडे सगळ्यात वाईट गिऱ्हाईक कुठलं, माहितीये? आंधळं नव्हे. हे बरं की हे विचारलं की 'दोन्ही सारखंच' म्हणतं ते. सज्जन असतं, हसून बोलतं, पण त्याला मी नंबर देऊ शकत नाही. ते तसंच घरी जातं, आणि जिन्यावरून पडतं."

ती रुसली. आपण सज्जन आहोत हे तिला आवडलं होतं, बाकीचं नाही. भांडी आवरताना तिला वाटलं, इतकी वर्षं आपण हजारो पोरांना ही खोड लावली. पोरं शहाणी, फाडून टाकत होती. पण ज्यांनी फाडलं नाही त्यांचं काय? जी मन लावून दोन्ही बाजू लिहीत बसली, समास सोडून? त्यातलंच कुणी पुढे साहेब झालं असेल, हिरवी शाई घेऊन. आणि लेखकानं तरी ती पद्धत इतकी नीटस का लिहावी, की कुणालाही उचलून घरी नेता यावी? धोक्याची पाटी म्हणून लावलं आणि लोकांनी पत्ता म्हणून वाचलं, तर पाटी लावणाऱ्याचा दोष किती? हा प्रश्न चांगला होता. सवयीनं ती मनातल्या मनात खालच्या ओळी मोजू लागली, उत्तराला किती जागा सोडावी म्हणून, आणि हातातली बशी फुटली.

शुक्रवारी सकाळी प्रत्येकाला एकेक चिठ्ठी मिळाली, ज्याला काढावं असं वाटतं त्याचं नाव लिहायला. साध्या कागदाची नव्हे. कव्हरचा जाडजूड कागद कापून उरलेल्या पट्ट्या, एका अंगानं प्लॅस्टिकचा गुळगुळीत मुलामा दिलेल्या. साहेबांना वाया घालवणं आवडत नसे. प्रश्नबाई आपली चिठ्ठी घेऊन अर्धा तास बसली. कोरी टाकीन, असं तिनं ठरवलं. मग तिला वाटलं, कोरी टाकणं म्हणजे पुन्हा सुबक रेघ मारणंच. मग वाटलं, येणारच आहे त्यांचं नाव, माझ्या एका चिठ्ठीनं काय बिघडतं. त्यांनाही विश्रांती मिळेल. आणि दुसऱ्या बाजूनं पाहता... हात आपोआप चालला. तिनं काकांचं नाव लिहिलं. डावीकडे समास सोडून. अक्षर छान आलं.

अकराला सगळे बैठकीच्या खोलीत. मधोमध साहेबांच्या खेळायच्या बुटांचं खोकं, वर चीर पाडलेली, आत अजून रबराचा वास. कव्हरवाला छताकडे बघतोय, जुळणीवाली टेबलावर अंगठा घासतेय, खिडकीतले दोघे प्रथमच एकमेकांपासून लांब बसलेले. कशावरही मूग गिळून बसायचा सराव असलेली ही माणसं. "घ्या बाई," साहेब म्हणाले, "मोकळ्या मनानं." तिनं झाकण काढून हात घातला. पहिली निघाली ती नेमकी तिचीच. ते अक्षर तिनं ओळखलं, आणि ते खरंच छान होतं, आणि दाराखालून काहीतरी वाट काढत येतंय असं तिच्या तळपायांना कळलं. यात शौर्य कुठलं, निव्वळ लाज; पण लाजेलाही हात असतात. तिनं चिठ्ठी तोंडात टाकली.

दिवेवाल्या पोरीनं एका वाक्यात गिळली होती. लेखकानं कधी कागद चावून बघितला नव्हता हे उघड होतं. चिठ्ठी दुमडेना, भिजेना. एक कोपरा टाळूत घुसला, दुसरा गालात. प्लॅस्टिकचं अंग जिभेवरून घसरे आणि पुन्हा वर येई. खोलीत सगळ्यांना ऐकू जाईल असा कचकच आवाज. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, आणि तोंडात मात्र टिपूस नाही.

"बाई, काय करताय?" साहेब उठले. "ती वाचायची आहे."

"आधी... खाऊ तर... द्या," बाई म्हणाली आणि दुसरी काढली. न बघता. दुसरी कोंबल्यावर पहिली खाली गेली, घसा ओरबाडत, आणि ते ओरबाडणं तिला फार बरं वाटलं. एकोणीस वर्षांत प्रथमच काहीतरी टोचलं होतं.

"पाणी द्या त्यांना कुणी! बाई, हे ऑफिसचे कागद आहेत!"

"काका," ती भिंगकाकांकडे वळून भरल्या तोंडानं म्हणाली, "पहिली माझी होती. तुमचं नाव लिहिलं होतं मी."

काकांनी मान हलवली. "बरोबरी झाली. मी तुमचं लिहिलंय. म्हटलं, तुमच्या घरी दुकान तरी आहे." आणि हात लांबवून त्यांनी खोक्यातली एक उचलली, डोळ्यांजवळ नेली, "काय लिहिलंय कुणास ठाऊक, मला काही दिसत नाही," असं साहेबांकडे बघत म्हणाले आणि खाल्ली. मग जुळणीवालीनं एक घेतली. कव्हरवाल्यानं चघळून पाहिली आणि म्हणाला, "हा मुलामा मी तेव्हाच नको म्हणत होतो." उरली एक. खिडकीतल्या दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, चिठ्ठी अर्धी फाडायचा प्रयत्न केला. ती फाटेना तेव्हा दोघं आळीपाळीनं चावत बसले. जुळणीवालीला आधी हसू फुटलं, मग उचकी, मग दोन्ही.

साहेब रिकाम्या खोक्यात बघत होते. "आता मी कसं ठरवू?"

"तुम्हीच ठरवा," प्रश्नबाई म्हणाली. घसा बसला होता, आवाज भलत्याच कुणाचा तरी यावा तसा जाडाभरडा येत होता. "स्वतःच्या तोंडानं, ज्याला काढायचं त्याच्याकडे बघून. वेळ जाईल. आणि दोष तुमच्यावर येईल. दुसरी बाजू नाही याला."

साहेबांना ठरवायला मग फारसा वेळ लागला नाही. त्याच दुपारी, समोर उभं राहून, खाली घातलेली मान कशीबशी वर करून त्यांनी सांगितलं: महिनाअखेर प्रश्नबाईचं टेबल रिकामं. कारण, ऑफिसची कागदपत्रं नष्ट करणं. काकांचा दिवा राहिला. प्रश्नबाईला वाटलं होतं आपल्या पोटात गोळा येईल. पण पोटात चिठ्ठ्या होत्या, दुसऱ्या कशाला जागा नव्हती. "बरं झालं, माझ्याकडे बघून सांगितलंत," ती म्हणाली, आणि साहेब जे गोरेमोरे झाले ते बघायला अख्खं संपादन दारात गोळा झालं होतं. संध्याकाळी नवऱ्यानं घशात विजेरी मारून बघितलं. "ओरखडा आहे," म्हणाला, आणि थोड्या वेळानं, "हे बरं की आधीचं?" "हे," ती म्हणाली. लगेच.

उरलेल्या दिवसांत तिच्याकडे एकच काम होतं. दिव्यांच्या पुस्तकाची दुसरी आवृत्ती. पाचही प्रश्न तिनं काढून टाकले आणि पानाच्या मधोमध एक ठेवला: 'तुम्ही खाल्ल्या असत्या का?' खाली ओळी नाहीत. शिक्षकांच्या पुस्तिकेत नमुना उत्तराच्या जागी तिनं लिहिलं, 'मी खाल्ल्या. पहिली माझीच होती.' काकांनी ते भिंग लावून तीनदा वाचलं आणि एका टिंबालाही हात लावला नाही. आणि बाइंडरला तिनं स्वतः जाऊन सांगितलं की प्रश्नाच्या पानाला शिवणीशी छिद्रांची रेघ मारा, तिकिटाला असते तशी. ज्यांना फाडायचंय त्यांना सुखानं फाडू दे, बाक कुठलाही डुलत असेल. बाइंडर म्हणाला, "स्वतःचंच पान फाडायची सोय करून देणारी बाई मी पहिल्यांदा बघतोय." साहेबांना मात्र छिद्रांची कल्पना आवडली, कव्हरवर 'आत फाडता येणारं पान' असा गोल शिक्का मारायला सांगितला. शेवटच्या दिवशी प्रश्नबाईनं टेबलदिवा बंद केला, पुन्हा लावला, आणि लावलेलाच ठेवून निघाली.

आवृत्ती दहा हजारांची निघाली. बाइंडरकडे छिद्रांची रेघ एक पान आधी पडली. पुस्तक उघडलं की गोष्टीचं शेवटचं, चिठ्ठ्या गिळायचं पान सुटून खाली पडतं, प्रश्नाचं पान पक्कं राहतं. पहिल्या आठवड्यात मुलांची छत्तीस पत्रं आली. सगळ्यांनी विचारलं होतं, काय खाल्ल्या असत्या?